पाणीपट्टी प्रवाळांची

ताडोबात वाघ पाहायला जाणारा माणूस दारातच प्रवेशशुल्क भरतो. जिप्सीचे भाडे वेगळे, गाइडचे वेगळे. वाघ दिसला नाही तर तो हळहळतो, पण शुल्क कशाला घेतले असे विचारत नाही. जंगल राखायला पैसे लागतात, हे त्याने केव्हाच मान्य केलेले असते. तोच माणूस मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह मालवणला येतो, पाठीवर सिलिंडर बांधतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उतरतो, मासे आणि पोवळी पाहतो, व्हिडिओ मोबाइलवर घेतो आणि सुरमईच्या थाळीकडे वळतो. तोही एका अभयारण्यातच जाऊन आलेला असतो. पण ते त्याला कोणी सांगितलेले नसते. पॅकेजची किंमत ठरताना बोट, डिझेल, सिलिंडर, सोबत उतरणारा डायव्हर, व्हिडिओ आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याचे कमिशन एवढे धरले जाते. ज्या खडकासाठी हे सगळे चालते, त्याच्या देखभालीचा खर्च या गणितात येत नाही.

मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले १९८७ साली. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातला गाभा जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटरचा, आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व भोवतालचे पाण्याखालचे खडक या गाभ्यातच येतात. नेमकी हीच जागा पर्यटकाला सर्वाधिक हवी असते. वाघाच्या जंगलात गाभा जपायचा आणि पर्यटन शक्य तेवढे कडेला ठेवायचे, असा निदान प्रयत्न तरी होतो. इथे उलटे आहे. गर्दीची जागा हाच गाभा.

मग स्कूबासाठी उतरणाऱ्या पर्यटकांकडून सागरी संवर्धनासाठी वेगळे शुल्क घ्यावे का? आमच्या मते घ्यावे. पण ‘घ्यावे’ म्हणणे सोपे आहे. कसे, कोणाकडून आणि कोणाच्या हाती, यावर ते शुल्क प्रवाळांच्या कामी येणार की आणखी एका सरकारी खात्याच्या जमेत बुडणार, हे ठरेल.

आधी नुकसान काय होते ते पाहू. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. काही मिलिमीटरचे असंख्य मऊ प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, खाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात, आणि त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. गोलसर खडकासारखी दिसणारी पोराइट्स जातीची पोवळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढे पोवळे दहाएक वर्षांच्या वयाचे असते. त्यावर पाय रोवून उभे राहिले तर वरचा जिवंत थर खरवडला जातो. जखमेवर आधी शेवाळ बसते, मग रोगजंतू. बोटीचा नांगर पडला तर पोवळे फुटतेच. कोकणच्या पाण्यात याखेरीज गाळ असतो. पावसाळ्यात नद्या माती आणतात, पाणी गढूळ होते, शैवालांना प्रकाश कमी मिळतो आणि अंगावर बसलेला गाळ झटकण्यात प्रवाळांची ताकद खर्च होते. अशा पाण्यात ही पोवळी तगून आहेत हेच विशेष. त्यांच्यावर नवख्या माणसाच्या पायातली फिन तळाचा गाळ आणखी उधळते.

आणि मालवणात उतरणारा बहुसंख्य पर्यटक नवखाच असतो. प्रशिक्षित डायव्हर पाण्यात तरंगत राहतो, कशालाही न शिवता पुढे सरकतो. ते कौशल्य यायला सराव लागतो. आपल्याकडचा पर्यटक पोहायलाही शिकलेला नसतो. पाच मिनिटांची तालीम, तोंडात रेग्युलेटर, आणि मागून धरणाऱ्या डायव्हरच्या भरवशावर तो खाली जातो. घाबरला की हाताला लागेल ते पकडतो. हाताला लागते ते पोवळे. त्यात व्हिडिओत मासे दिसायला हवेत म्हणून पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडण्याची पद्धत आहे. पावाला सरावलेले मासे झुंडीने येतात, पर्यटक खूश होतो, आणि एरवी खडकावरचे शेवाळ टिपणारे तोंड आयत्या खाण्याकडे वळते.

हा नुसता तर्क नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवण अभयारण्यात याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये सागरी प्रदूषणावरच्या एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत आहे, आणि त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही, असा त्याचा रोख होता. भारतात प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. वाघालाही तेच. वाघाच्या शेपटीला कोणी हात लावला तर बातमी होते. पोवळ्यावर उभे राहून काढलेला फोटो मात्र कौतुकाने फिरतो.

शुल्काचा प्रयोग जगाला नवा नाही. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला बोनेअर हे छोटे डच बेट आहे. १९७९ मध्ये त्याच्या सभोवतालचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखला गेला. सुरुवातीचा निधी संपला तशी देखरेखही संपली आणि काही वर्षे हे उद्यान कागदावरच उरले. १९९२ मध्ये प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायचे ठरले. पर्यटक पळून जातील, अशी ओरड तिथल्या डायव्हिंग व्यावसायिकांनी केली. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञांनी पर्यटकांनाच विचारले, तर सरासरी २७.४० डॉलर द्यायची त्यांची तयारी निघाली. पर्यटक गेले नाहीत. उद्यान चालू लागले. पुढे शुल्क वाढत गेले, आणि २०२३ पासून तर डायव्हर असो वा नुसता पोहणारा, बाहेरून येऊन समुद्र वापरणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला ४० डॉलर आहेत. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर १९९३ पासून दरडोई शुल्क आहे. ते सहल नेणारी कंपनी गोळा करते आणि सागरी उद्यानाच्या प्राधिकरणाकडे भरते. पलाऊ या चिमुकल्या देशाने २०१८ पासून १०० डॉलर थेट विमानाच्या तिकिटातच घातले आहेत.

या अनुभवांतला आपल्या कामाचा भाग रकमेचा नाही. आपला बाजार वेगळा. मालवणातले पॅकेज मोसमाप्रमाणे पाचशेपासून दोन हजारांपर्यंत मिळते, आणि ते घेणारा नाशिक-कोल्हापूरचा मध्यमवर्गीय असतो. त्याच्याकडून डॉलरच्या भाषेत पैसे मागणे हा आचरटपणा होईल. पण पन्नास रुपये? किनाऱ्यावरच्या शहाळ्याला तेवढे पडतात. तेवढ्याने कोणाची सहल रद्द होत नाही. हिशोबासाठी समजा वर्षाला एक लाख उड्या झाल्या, तर पन्नास लाख रुपये जमतात. तीन चौरस किलोमीटरच्या गाभ्यासाठी दर वर्षी खात्रीने येणारी ही रक्कम थोडी नाही. प्रकल्प संपला की आटणाऱ्या निधीपेक्षा अशी छोटी, नियमित रक्कम देखभालीच्या कामाला जास्त उपयोगी पडते. बोनेअरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांची कथा तेच सांगते.

आक्षेप आहेत, आणि त्यातला पहिला वजनदार आहे. प्रवाळांचे खरे मारेकरी डायव्हर नव्हेतच, असे म्हटले जाते. समुद्र तापतो आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातल्या चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. पाणी तापले की प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि उष्णता ओसरली नाही तर उपाशी मरतात. मालवणच्या पाण्यातही असे विरंजन नोंदले गेले आहे. त्यापुढे पन्नास रुपयांची पावती काय करणार? शिवाय पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे सांडपाणी, बोटींचे तेल. या सगळ्यांना सोडून सुट्टीला आलेल्या कुटुंबाला का धरायचे?

आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. तापलेल्या समुद्रातून प्रवाळ सावरतात की नाही, हे त्यांच्यावर आणखी कोणकोणते ओझे आहे यावरही अवलंबून असते. तापाने फणफणलेल्या रोग्याला वरून मारहाण करू नये, एवढे साधे हे वैद्यक आहे. समुद्राचे तापमान मालवणच्या हातात नाही. नांगर कुठे टाकायचा हे आहे. आणि सांडपाण्याचा, एलईडीचा बंदोबस्त शुल्क घेऊनही करावाच लागेल. एकाची वसुली म्हणजे दुसऱ्याला माफी नव्हे. मात्र यातला एक मुद्दा आम्ही पूर्ण मान्य करतो. शुल्क फक्त डायव्हरवर नको. किल्ला पाहायला जाणारी बोट त्याच गाभ्यातून जाते, स्नॉर्केलिंगवालाही त्याच खडकांवर तरंगतो. बोनेअरने डायव्हर आणि इतर हा भेद मोडला, तो याच न्यायाने. इथेही पाण्यात उतरणाऱ्याला थोडे जास्त आणि बोटीतून जाणाऱ्याला नाममात्र, असे ठेवता येईल.

दुसरा आक्षेप फारसा कोणी घेत नाही, पण आम्हाला तोच जास्त छळतो. पैसे घेतले की माणसाची टोचणी संपते. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता दंड भरला की झाले. दंड पुढे काढून टाकला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. लाज एकदा विकली की परत मिळत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे तर ‘पैसे भरलेत ना!’ हे वाक्य रेल्वेच्या डब्यापासून देवळाच्या रांगेपर्यंत ऐकू येते. पन्नास रुपये भरलेला पर्यटक पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून घरी न्यायला बघणार नाही कशावरून?

म्हणून शुल्काबरोबर पाण्याखालची वागणूक बदलायला हवी, आणि ती बदलता येते याला पुरावा आहे. इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायव्हरना उतरण्याआधी प्रवाळांविषयी नीट समजावून सांगितले गेले. सात मिनिटांच्या निरीक्षणात दर डायव्हरमागे सरासरी १.४ वेळा होणारा स्पर्श ०.४ वर आला. पण सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूचनांमध्ये एखादे वाक्य घालून काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो सोबतच्या मार्गदर्शकाने पाण्यातच टोकल्यावर. मिनिटाला ०.३ असलेले स्पर्श तेव्हा ०.१ झाले. दोन्ही वाचल्यावर एक उघड होते, की मालवणात सारी भिस्त मागून धरणाऱ्या त्या तरुण डायव्हरवर आहे. तो पर्यटकाला खडकापासून हातभर वर ठेवू शकतो किंवा व्हिडिओसाठी खडकावर टेकवू शकतो. तो बहुधा मच्छीमाराचाच मुलगा असतो. उड्यांच्या संख्येवर त्याची कमाई ठरते. दिवसात आठ-दहा जणांना खाली नेणाऱ्याला प्रवाळांची काळजी घ्या म्हणून सांगणे फुकट आहे, त्याचा रोज त्यावर ठरत नसेल तर. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जमलेल्या शुल्काचा पहिला हिस्सा या मुलांच्या प्रशिक्षणावर आणि खडकाला न शिवता काम करणाऱ्यांच्या वाढीव मोबदल्यावर खर्च व्हावा, असे आम्हाला वाटते.

त्याचा फायदा पर्यटकाच्या जिवालाही आहे. कानाचा दाब न सोडता घाईने खाली नेले तर पडदा फाटू शकतो. सर्दी, दमा, हृदयविकार याची चौकशी उतरण्याआधी व्हायला हवी, आणि ती ‘काही त्रास नाही ना?’ एवढ्यावर आटोपता कामा नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. प्रवाळांना आणि माणसांना धोका एकाच घाईतून येतो.

दुसरा हिस्सा बोयांवर. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात एक साधी युक्ती रुळली. तळाच्या खडकात कायमचा खिळा पक्का करायचा, त्याला दोर आणि वर तरंगता बोया. बोटीने नांगर टाकायचा नाही, बोयाला बांधून उभे राहायचे. नांगर बंद झाला की प्रवाळांचे एक मोठे नुकसान त्याच दिवशी थांबते. दुसरा फायदा मोजणीचा. बोये जितके, तितक्याच बोटी. बोनेअरमधल्या संशोधकांनी एका जागी वर्षाला चार ते सहा हजार उड्यांपलीकडे प्रवाळांवर ताण दिसू लागतो असा अंदाज काढला होता. तिथले पाणी नितळ, डायव्हर बहुतांशी प्रशिक्षित. मालवणचे पाणी गढूळ आणि डायव्हर नवखा, तेव्हा इथली मर्यादा त्याहून खाली धरावी लागेल. ती शुल्काने ठरत नाही, संख्येने ठरते. शुल्क भरणारे वाढले म्हणून उड्या वाढवत नेल्या तर संवर्धनाच्या नावाने आपण गर्दीच विकत असू.

कायद्याची अडचण नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८व्या कलमात अभयारण्यात पर्यटनासाठी प्रवेशाचा परवाना आणि त्यासाठी शुल्क, दोन्हींची तरतूद १९७२ पासून आहे. अडचण आहे ती विश्वासाची. १९८७ पासून मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याकडे संशयाने पाहिले आहे, आणि त्यात त्यांची चूक फारशी नाही. अभयारण्य म्हणजे उद्या आपली रापण बंद, अशी भीती त्यांना होती. ती दूर करण्याऐवजी बराच काळ फक्त नकाशावर रेघ राहिली. आता त्याच पाण्यात बाहेरचा पर्यटक पैसे देऊन उतरणार आणि पैसे मुंबईत जमा होणार असतील, तर हा संशय आणखी घट्ट होईल. इंडोनेशियाच्या राजा अम्पत द्वीपसमूहात २००७ मध्ये प्रवेशशुल्क सुरू झाले, तेव्हा त्यातला ठरावीक वाटा किनाऱ्यावरच्या गावांसाठी राखला गेला. तो गर्भवती आणि बालकांच्या पोषणाच्या कामालाही वापरला. बेटावरच्या माणसाला शुल्काचा अर्थ कळायला याहून सोपा मार्ग कोणता?

आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांकडे पर्यटनाचे उत्पन्न जाते आणि तिथेच खर्च होते. किनाऱ्यासाठी राज्याचे कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान आहे. त्याच्या अखत्यारीत मालवणसाठी स्वतंत्र खाते काढावे, त्यावर मच्छीमार सोसायट्या, डायव्हिंग व्यावसायिक आणि समुद्रविज्ञान संस्थेचे प्रतिनिधी असावेत, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी जेटीवर फलक लावून लिहावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. संकेतस्थळावर टाकला म्हणजे झाले, असे नको.

राज्य सरकार समुद्रतळाकडे पाहत नाही असे नाही. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकच्या परिसरात समुद्रतळाशी नेऊन तिथे पर्यटन आणि कृत्रिम प्रवाळभिंत उभी करायचा कोट्यवधींचा प्रकल्प हाती घेतला आहे. नवी जागा मिळाली की जुन्या खडकांवरची गर्दी थोडी हटेल, ही अपेक्षा वाजवी आहे. पण लोखंडावर प्रवाळ बसायला वर्षे लागतात, आणि ते बसतात आसपासच्या जिवंत प्रवाळांनी सोडलेल्या अळ्यांमधून. किल्ल्याजवळचा खडक मेला तर नव्या नौकेवर येणार कोण? गुलदारच्या तिकिटातही हे शुल्क पहिल्या दिवसापासून घालावे. चालू धंद्यात नंतर शुल्क आणणे किती कठीण असते, हे मालवणात दिसेलच.

पावसाळ्यात हे पाणी पर्यटनाला बंद असते. बोटी वर ओढलेल्या, सिलिंडर गोदामात. सप्टेंबरमध्ये समुद्र निवळू लागतो आणि दसरा-दिवाळीला पहिली गर्दी येते. बोये बसवायला, डायव्हर मुलांची शिबिरे घ्यायला आणि पावत्या छापायला मिळतात ते एवढेच मधले आठवडे, म्हणून शुल्काचा निर्णय मंत्रालयातून मे संपण्यापूर्वी निघायला हवा.